दुसरी बाटली

नमुना दोन भागांत विभागावा, दोन्ही भाग वेगवेगळ्या बाटल्यांत भरावेत, बाटल्यांना मोहोर लावावी आणि त्यांवर नमुना घेणाऱ्याची व जागेच्या ताबेदाराची अशा दोघांच्या सह्या असाव्यात, अशी रीत १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याच्या २१व्या कलमात घालून दिली आहे. उमेदीची वर्षे पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे हे कलम मला जवळजवळ पाठ आहे. दुसरी बाटली कशासाठी, तर पहिल्या बाटलीच्या निकालावर ज्याचा भरवसा नाही त्याला दाद मागता यावी म्हणून. परंतु ज्याच्यासाठी कायद्याने ती राखून ठेवली तो ताबेदार म्हणजे सांडपाणी सोडणारा. ज्याच्या विहिरीत ते सांडपाणी उतरते त्याच्या नावाची बाटली या कलमात नाही. विहिरीतून नमुना घेण्याचा अधिकार हेच कलम प्रदूषण नियंत्रण मंडळाला देते, पण दोन बाटल्यांचा सोपस्कार मात्र सांडपाण्यापुरता आणि कारखान्याच्या निचऱ्यापुरताच सांगते. हे कोणी मुद्दाम केले असे मला वाटत नाही. ज्याच्यावर खटला भरायचा त्याला बचावाची संधी असावी, एवढेच साधे न्यायाचे तत्त्व त्यामागे आहे. तरीही पुण्याच्या आग्नेयेला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या कचरा डेपोचा विषय निघाला की माझे मन त्या न भरलेल्या बाटलीपाशी जाऊन अडते.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणे सोडून दिवे घाटाकडे निघते ती याच पट्ट्यातून. उरुळी कांचन निराळे; गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमाचे ते गाव सोलापूर रस्त्यावर आहे, आणि बाहेरची माणसे या दोन उरुळींची नेहमी गल्लत करतात. फुरसुंगी हे नाव पुणेकरांना आता उपनगराचे म्हणून माहीत असले तरी राज्यभरच्या शेतकऱ्यांना ते अजून कांद्याच्या वाणाचे म्हणून ठाऊक आहे. कांदा हे क्षारांना फार हळवे पीक आहे. पाण्यातले क्षार थोडे वाढले तरी ऊस किंवा कापूस ते निभावून नेतो, कांद्याची पात मात्र टोकांकडून करपू लागते आणि गड्डा भरत नाही. ज्या गावाने आपले नाव कांद्याला दिले त्या गावाच्या भूजलात शहराने क्षार सोडावेत, हा योग मी कल्पनेने रचला असता तर वाचकाने त्यावर विश्वास ठेवला नसता.

माझी सासुरवाडी याच रस्त्यावरच्या एका गावात आहे आणि राहायला मी कोथरूडला. शहराचा कचरा पूर्वी कोथरूडलाच पडत असे. तिथे वस्ती वाढली, वस्तीबरोबर विरोध वाढला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्या उरुळी देवाचीकडे वळल्या. कोथरूडच्या त्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या मुक्कामाला असतात. म्हणजे माझ्या घरचा कचरा वर्षानुवर्षे माझ्याच सासुरवाडीच्या दिशेने जात होता, आणि त्यावरून सासरच्या मंडळींनी मला जे काही ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

डेपो वाढत वाढत १६३ एकरांचा झाला. त्याची पुढची कहाणी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही साधारण ठाऊक आहे: आंदोलने, आश्वासने, मुदती, टँकर, न्यायालये. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या, आणि पेठांमधल्या चौकांत ढीग साचू लागले तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता आठवला. त्या दिवसांत कचऱ्याच्या डोंगराची, धुराची आणि खोळंबलेल्या गाड्यांची भरपूर छायाचित्रे छापून आली. जमिनीखालच्या पाण्याचे छायाचित्र काढता येत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

डोंगर दिसतो, मोजता येतो, म्हणून त्याच्यावर काम करता येते. डोंगराच्या काही भागावर मातीचे आच्छादन घालून कॅपिंग झाले. पुढे हरित न्यायाधिकरणाच्या देखरेखीखाली बायोमायनिंग सुरू झाले. बायोमायनिंग म्हणजे जुना कचरा खणून त्याच्या रांगा लावायच्या, जिवाणूंचे द्रावण फवारून त्या वरखाली करायच्या, वाळल्यावर मोठ्या फिरत्या चाळण्यांतून चाळायच्या, मग प्लॅस्टिक आणि चिंध्या आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचे इंधन, म्हणून सिमेंटच्या भट्ट्यांकडे, दगड-राबिट भरावाकडे आणि उरलेली बारीक माती कुठेतरी सखल जागेत. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. वजनकाटा आहे, पावती आहे, कामाआधीची आणि कामानंतरची ड्रोनची चित्रे आहेत. हे काम मी कमी लेखत नाही. जोवर वर कचरा आहे तोवर प्रत्येक पावसाळ्यात त्यातून नवे लिचेट, म्हणजे कचऱ्यातून गळणारे दूषित पाणी, झिरपणार, त्यामुळे उगम हटवल्याशिवाय पाणी सुधारणार नाही हे खरे. पण उगम हटला म्हणजे पाणी सुधारले, हे मात्र खरे नाही. काही दशके मुरलेले क्षार मुरमात आणि कातळाच्या भेगांत असतात, अमोनिया मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो आणि सावकाश सुटत जातो. वरचा डोंगर सपाट झाल्यावरही खालचे पाणी कित्येक वर्षे जुन्या कचऱ्याची चव सांगत राहते. शिवाय झाकलेला ढीग खणून उघडा केला आणि त्यावर पाऊस पडला तर काही काळ लिचेट वाढू शकते. चाळून निघालेल्या बारीक मातीतही क्षार आणि धातू असतात, त्यामुळे ती ज्या सखल रानात टाकली तिथे छोट्या प्रमाणावर तोच प्रश्न नव्याने सुरू होऊ शकतो. टनाचा हिशेब पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल त्या दिवशी पाण्याचा हिशेब नुकता कुठे सुरू झालेला असेल, आणि त्याचे बिल काढणारा ठेकेदार कोणीच नसेल.

आमच्या दख्खनच्या कातळाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. गंगेच्या मैदानात जमिनीखाली वाळू असते आणि त्या वाळूतून दूषित पाणी एका दिशेने, बऱ्यापैकी सलग पुढे सरकते. चार-सहा बोअर घेतल्या की त्याचा नकाशा काढता येतो. इथे वर थोडी काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग लाव्हारसाचे एकावर एक थर. एखादा थर बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला आणि झिजलेला, एखादा भरीव काळा, मध्येच तांबड्या मातीचा पातळ पट्टा जो पाणी खाली उतरू देत नाही. पाणी साठते ते मुरमात आणि झिजलेल्या थरात, आणि वाहते ते भेगांतून. त्यामुळे एका बांधावरची विहीर खराब आणि हाकेच्या अंतरावरची चांगली, असे सर्रास आढळते. शिवाय सगळे रान उपशाचे आहे. जिथे मोटर चालते तिकडे भोवतालचे पाणी ओढले जाते, त्याबरोबर दूषित पाणीही ओढले जाते, आणि उन्हाळ्यात कोणाची मोटर चालते नि कोणाची बंद पडते यावर जमिनीखालच्या ओघाची दिशासुद्धा बदलते. कालव्याच्या लगतच्या विहिरींत कालव्याचा पाझर मिसळतो आणि आकडे सुधारल्यासारखे दिसतात. कालव्याचे आवर्तन बंद झाले की ते पुन्हा बिघडतात.

हे मला प्रयोगशाळेत कोणी शिकवले नाही. सासऱ्यांच्या विहिरीवर मी एकदा पाण्याचे नमुने घेत होतो, तेव्हा माझ्या मेव्हण्याचा मुलगा म्हणाला, “मामा, ही विहीर तपासून काय उपयोग? हिचं पाणी ओढ्यापलीकडून येतं. डेपोच्या अंगाची विहीर चुलत्यांची. त्यांनी मोटर लावली की वरच्या आळीतली बोअर आटते, आमची हलतसुद्धा नाही.” भूजलशास्त्रात ज्याला उपसा चाचणी म्हणतात आणि जी करायला यंत्रे, माणसे आणि बरेच दिवस लागतात, तिचा निकाल त्याने बांधावर उभ्या उभ्या सांगितला. अशी माहिती गावात सर्वत्र पसरलेली असते. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणत्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कोणत्या बोअरचे पाणी हंड्यात स्वच्छ येते आणि तासाभराने तांबूस होते, कोणत्या पाण्याचा चहा काळपट पडतो, हे बायकांना वर्षांच्या हिशेबाने ठाऊक असते. डाळ आणि साबण कठीणपणा सांगतात. हंड्यातला तांबूसपणा आणि काळा चहा लोह सांगतात, आणि खोलवरच्या पाण्यात प्राणवायू उरलेला नाही याचीही सूचना देतात, कारण लोह असे विरघळून तेव्हाच येते. डेपोच्या आसपास ही सूचना फार मोलाची आहे, कारण सडणारा कचरा जमिनीखालचा प्राणवायू सर्वात आधी खाऊन टाकतो.

आता नियम काय सांगतात ते पाहावे. कचऱ्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या अल्मित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेनंतर २००० साली देशात नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम आले, २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि २०२६ साली त्यांचीही जागा आणखी नव्या नियमांनी घेतली. भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, सुरू करण्याआधी परिसरातल्या भूजलाची मूळ गुणवत्ता नोंदवून ठेवावी, भरावाच्या सीमेपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असे तिन्ही हंगामांत तपासावे, तळाशी मातीच्या थरावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा असावा, भराव बंद झाल्यावरही किमान १५ वर्षे देखभाल आणि तपासणी चालू ठेवावी, असे २०१६ च्या नियमांत लिहिले होते. लिहिणाऱ्याने विचारपूर्वक लिहिले होते. पण उरुळीचा डेपो या नियमांच्या आधी जन्मलेला, त्यामुळे मूळ गुणवत्तेची ती वही इथे कोणी उघडलीच नव्हती. आणि मूळ आकडा नसला की प्रत्येक वाद “तुमचे पाणी आधीपासूनच मचूळ होते” या एका वाक्यावर येऊन थांबतो. त्याला उत्तर एकच: डेपोच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी डेपोखाली येते तिथे, एक विहीर कायमची तुलनेसाठी राखायची. वरचे अंग नेमके कोणते, हे मात्र आधी सांगितल्याप्रमाणे त्या पोरासारख्या माणसाला विचारावे लागेल. आणि भेगांच्या कातळात ५० मीटरची मर्यादा फारशी कामाची नाही. दूषित पाणी एखाद्या भेगेतून ५० मीटरच्या आतल्या सगळ्या निरीक्षण विहिरींना बगल देऊन अर्ध्या कोसावरच्या बोअरमध्ये उतरू शकते, आणि तरीही अहवाल नियमाला धरून निर्दोष येतो.

दुसरी एक बारीक गोष्ट आहे, जी कार्यालयांत कोणी उच्चारत नाही. २०१६ च्या नियमांतल्या भूजलाच्या तक्त्यात नायट्रेट होते, लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा होती, पण अमोनिया नव्हता. ताज्या लिचेटमधला नत्र बहुतांशी अमोनियाच्या रूपात असतो, कारण नायट्रेट व्हायला प्राणवायू लागतो आणि तो तर कचऱ्याने आधीच संपवलेला असतो. म्हणजे डेपोला अगदी लागून असलेल्या विहिरीत नायट्रेट छान मर्यादेत सापडेल, दूरच्या शेतातल्या खतांच्या विहिरीत मात्र जास्त सापडेल, आणि तक्ता पाहणारा प्रामाणिकपणे असा निष्कर्ष काढेल की डेपोचे पाणी शेतापेक्षा बरे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अमोनियाला लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा तो तपासायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. फक्त तो तपासा असे म्हणणारा कोणी तरी नमुना घेताना हजर हवा. क्लोराइडचेही तसेच. तो कशाला चिकटत नाही, कुजत नाही, पाण्याच्या बरोबरीने चालतो, म्हणून डेपोचे पाणी कुठवर पोचले याची पहिली वर्दी तोच देतो. एका हंगामातला आकडा काही सांगत नाही. त्याच विहिरीत तो हंगामामागून हंगाम चढत असेल तर मात्र मर्यादा ओलांडण्याच्या कितीतरी आधी सावध होता येते.

प्रयोगशाळेत असताना माझ्याकडे गावोगावची माणसे शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून आणत. बाटली दोन दिवस एस.टी.च्या टपावर तापलेली असे, विहिरीचे नाव बहुधा नसेच. आम्ही तपासून द्यायचो आणि अहवालाच्या तळाशी छापील ओळ असे, की निकाल केवळ प्राप्त नमुन्यापुरता आहे. ती ओळ खरी असते आणि तिने अहवालाचा जीवही जातो, कारण समोरच्या वकिलाला तेवढीच पुरते. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याच्या बाबतीत उलटी तऱ्हा. तिथे बाटली नीट, ॲसिड घातलेली, बर्फात ठेवलेली, कागदपत्र चोख. पण बोअर आधी पुरेशी उपसली होती का, की नळीतले साचलेले पाणीच भरले, कालवा त्या दिवशी चालू होता का, शेजारची मोटर बंद होती का, हे त्या चोख कागदावर कुठेच नसते. एका बाजूला जागा माहीत असलेली माणसे आणि निरुपयोगी बाटली, दुसऱ्या बाजूला उत्तम बाटली आणि जागेची ओळख नसलेली माणसे. स्थानिक देखरेख म्हणजे माझ्या मते या दोघांना एका वेळी एका विहिरीच्या काठावर उभे करणे, यापेक्षा जास्त काही नाही. पंचनामा ही गोष्ट आपल्या गावांना शिकवावी लागत नाही. दोन पंच, विहिरीचा गट क्रमांक, पाण्याची पातळी, उपसा किती वेळ केला, वास, रंग, आणि दोन बाटल्या. एक सरकारी प्रयोगशाळेकडे आणि दुसरी गावाने निवडलेल्या प्रयोगशाळेकडे. दोन निकाल जुळले तर वाद मिटतो. न जुळले तर कशात जुळले नाहीत ते कळते, आणि तेही काही कमी नाही.

यासाठी आकाशातून माणसे आणायला नकोत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि तिचे लोक राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजतात. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली गेली. त्या संचात शिसे किंवा कॅडमियम सापडणार नाही, पण क्लोराइड, कठीणपणा, लोह यांचा कल त्यातून पुरेसा कळतो, आणि कुठली विहीर मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची हे ठरवायला तेवढे पुष्कळ आहे.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातले लव्ह कॅनॉलचे प्रकरण या विषयावर बोलताना सगळेच सांगतात, म्हणून मी फक्त त्याच्या कमी सांगितल्या जाणाऱ्या शेपटाविषयी लिहितो. पुरलेल्या रसायनांवर वसलेल्या त्या वस्तीत १९७८ साली आणीबाणी जाहीर झाली आणि १९८० साली अशा दूषित जागांच्या सफाईसाठी सुपरफंड या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, इथपर्यंत कथा माहीत असते. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात एक छोटे कलम घातले: दूषित जागेच्या आसपासच्या नागरिकांच्या गटाला ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळेल, आणि त्यातून त्यांनी स्वतःचा तज्ज्ञ नेमावा, जो सरकारचे अहवाल वाचून त्यांना समजावून सांगेल. कचरा जागेवरच ठेवला असेल तर दर पाच वर्षांनी उपायाचा फेरआढावा घेतला पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. तिथे सगळे सुरळीत चालते असे माझे म्हणणे नाही. अनेक जागा दशकानुदशके रेंगाळल्या आहेत. पण अहवाल समजून घेण्याचा खर्च हा स्वच्छतेच्याच खर्चाचा भाग आहे, असे कायद्यात लिहिण्याइतका शहाणपणा त्यांना सुचला, आणि आपल्याकडे तो खर्च अजून पीडितांच्या पदरमोडीवर चालतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले तेव्हा मी ते आशेने वाचायला घेतले. संशयित जागा शोधणे, तिची तपासणी, जबाबदार कोण ते ठरवणे, उपाययोजनेचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे, असा सगळा क्रम त्यात आहे. मात्र कचरा डेपोतल्या घनकचऱ्याचे प्रदूषण सर्वसाधारणपणे या नियमांच्या बाहेर ठेवले आहे, कारण घनकचऱ्याला स्वतःचे वेगळे नियम आहेत. आणि २०१६ च्या त्या वेगळ्या नियमांत भूजल तपासा असे म्हटले होते, बिघडलेले आढळल्यास ते कोणी, किती वर्षांत, कोणत्या पातळीपर्यंत स्वच्छ करायचे याचा असा क्रम मला सापडला नाही. कारखान्याने विहीर नासवली तर एक रस्ता, नगरपालिकेने नासवली तर दुसरा. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई आणि दुरुस्ती दोन्ही करावी असा निकाल दिला. ते तत्त्व शहरालाही लागू का नसावे, याचे पटेल असे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

उरुळी-फुरसुंगीच्या बाबतीत देखरेख कोणाची हा प्रश्न आणखी चमत्कारिक वळणे घेत गेला आहे. पूर्वी इथे ग्रामपंचायती होत्या, म्हणजे ग्रामसभा होती. कचरा शहराचा आणि तक्रार गावाची, अशी निदान दोन तोंडे तरी वेगळी होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ही गावे पुणे महापालिकेत आली, आणि डेपो चालवणारी आणि डेपोची झळ सोसणाऱ्यांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था एकच झाली, ग्रामसभाही संपली. मग २०२४ साली दोन्ही गावे महापालिकेतून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. या उलटसुलटीवर राजकीय टीका भरपूर झाली, तिच्यात मला रस नाही. मला दिसते ते इतकेच, की स्वतःचा मुख्याधिकारी, स्वतःचा अर्थसंकल्प आणि कचरा टाकणाऱ्या संस्थेपासून वेगळे अस्तित्व असलेली एक संस्था आता तिथे आहे, आणि निरीक्षण विहिरींची वही ठेवायला तिच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. आणि नगरपरिषदेने चालढकल केलीच तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागद पाहण्याच्या जोडीने प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, जो लोक आजवर मुख्यतः रस्त्याच्या डांबरासाठी आणि बांधकामाच्या सिमेंटसाठी वापरत आले. सार्वजनिक पैशातून खोदलेल्या निरीक्षण विहिरीतल्या पाण्याला तो लागू होतो की नाही, हे कोणी तरी अर्ज करून पाहायला हवे. माझ्या वाचनाप्रमाणे लागू व्हावा.

हे सगळे मी मेव्हण्याच्या मुलाला समजावून सांगत होतो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “आणि मामा, पाणी चांगलं आलं तर?” मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याने सांगितले. पाणी चांगले आल्याचा अहवाल एकदा कागदावर आला की टँकर बंद करायला निमित्त मिळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा बिघडले तर टँकर चालू करून घ्यायला पुन्हा रस्त्यावर बसावे लागते. उलट वाईट अहवाल आला तर ज्यांनी जमिनी बिल्डरला द्यायचे ठरवले आहे ते नाराज होतात, कारण आता या शिवारात कांद्यापेक्षा सदनिका जास्त उगवतात आणि दूषित पाण्याच्या बातमीने भाव पडतो. ज्यांची शेती अजून चालू आहे त्यांचीही अडचण वेगळी. भाजी मार्केट यार्डात न्यायची असते, आणि आपल्या विहिरीचे नाव वहीत तांबड्या शाईने यावे असे कोणाला वाटत नाही. म्हणजे दुसरी बाटली हवी असे सगळेच म्हणतील, पण ती आपल्याच विहिरीवर भरली जावी असे म्हणणारे फार थोडे निघतील. गाव म्हणजे एक मत, अशी शहरातल्या चळवळ्या माणसाची समजूत असते. ती मीही बरीच वर्षे सोयीस्करपणे बाळगली आहे.

त्यावर आम्ही दोघांनी मिळून जे काढले ते फार भारी नाही. टँकर चालू ठेवायचा की बंद करायचा हे एका अहवालावर ठरू नये. त्याच विहिरी सलग तीन हंगामांत मर्यादेखाली राहिल्या, आणि त्यांपैकी एक हंगाम कालवा बंद असतानाचा होता, तरच तो विषय सभेपुढे यावा, आणि हा नियम नमुने घ्यायला सुरुवात करण्याआधी ठराव करून लिहून ठेवावा. विहिरींची नोंद मालकाच्या नावाऐवजी क्रमांकाने व्हावी. ज्याची विहीर खराब निघाली त्याला पर्यायी पाणी आपोआप मिळावे, त्यासाठी त्याला अर्ज करावा लागू नये, म्हणजे खराब निकालाची भीती निदान निम्म्याने तरी कमी होईल. अमोनिया आणि क्लोराइड दर हंगामात, धातू वर्षातून एकदा. चाळून निघालेली माती ज्या रानात टाकली त्या रानाजवळच्या विहिरीही यादीत असाव्यात, हे त्याने सुचवले. माझ्या लक्षात ते आले नव्हते. खर्च मात्र कोणी करायचा यावर आमचे जमले नाही. तो म्हणतो, कचरा ज्यांचा त्यांनी, म्हणजे महापालिकेने. मला वाटते पहिल्या बाटलीचा खर्च महापालिकेने करावा, दुसरीचा नगरपरिषदेने, कारण जो पैसे देतो त्याच्याकडे निकाल आधी जातो.